सोडियमचा उपसा

रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या खाडीकाठी भरतीच्या पाण्याला मातीचे बांध घालून लोकांनी शेती उभी केली. या पट्ट्याला तिथे खारेपाट म्हणतात. बांधाबाहेर खाडी, आत भाताची खाचरे आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी बांधात बसवलेल्या उघाड्या. पीक निघाल्यावर जमीन वाळू लागते, तसे खालचे खारे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढते. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते. मे महिन्यात इथल्या ढेकळांवर मिठाचे पांढरे पापुद्रे दिसतात. मग पाऊस लागतो, वरच्या थरातले मीठ धुऊन नेतो आणि त्या धुतलेल्या मातीत भाताचे रोप उभे राहते. पाऊस मध्येच ताणला किंवा उधाणाने खारबंदिस्तीला खांड पडली, की मीठ पुन्हा मुळांशी येते.

अशा वेळी भाताच्या सगळ्या जातींची गत सारखी होत नाही. एका जातीची पाने शेंड्यापासून करपत जातात, दुसरी पिवळट पडते पण तगून राहते. माती तीच आणि पाणीही तेच. फरक असतो तो मुळांतून शिरलेल्या सोडियमचे रोप पुढे काय करते, यात. गोव्याच्या खाजन शेतीत आणि केरळच्या पोक्काळी शेतांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले भाताचे बियाणे या कामात तरबेज झाले आहे.

हे काम कसे चालते, ते या प्रकरणात पाहायचे आहे. वनस्पती मीठ निमूटपणे सोसत नाही. ती सोडियम सतत उपसत असते. त्या उपशाला ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा तिला मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी आपण जमीन कशी राखतो यावर ठरते.

मिठाचे दोन मार

माती परीक्षणाच्या अहवालात विद्युत वाहकतेचा एक आकडा असतो. मातीतल्या पाण्यात जितके क्षार विरघळलेले, तितकी ती वाहकता जास्त. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरली जाते. पण प्रत्येक पिकाची सहनशक्ती वेगळी. बार्ली साधारण ८ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत आणि गहू ६ पर्यंत उत्पादनात घट न येता टिकतो. भाताची मर्यादा ३ आहे आणि त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. उसाची मर्यादा तर १.७ इतकी खाली आहे. हे आकडे मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडले. जगभरचे कृषितज्ज्ञ आजही ते आधाराला घेतात.

मीठ पिकाला दोन टप्प्यांत मारते. पहिला मार पाण्याचा. मातीतले पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेणे जड जाते. शेतात पाणी उभे असूनही रोपाला दुष्काळ भासतो, नवी पाने लहान निघतात, फुटवे कमी येतात. हा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि त्यासाठी मीठ रोपाच्या आत शिरावेही लागत नाही. दुसरा मार सावकाश येतो. पाण्याबरोबर सोडियम थोडा थोडा वर चढतो आणि पानांत साठत जातो. पाणी पानांतून हवेत जाते, सोडियमला मात्र तिथून जायला वाट नसते. म्हणून सर्वांत जुनी पाने आधी करपतात. जुनी पाने मरण्याचा वेग नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा वाढला की रोपाचे अन्न तयार करणारा हिरवा भाग आटत जातो आणि दाणा भरत नाही.

पेशीत सोडियम इतका घातक का? कारण तो पोटॅशियमसारखा दिसतो आणि पोटॅशियमचे काम मात्र करू शकत नाही. पेशीद्रवात पोटॅशियमचे प्रमाण सुमारे १०० मिलिमोल असते. पन्नासहून अधिक विकरे त्याच्यावर चालतात आणि रायबोसोमवर प्रथिने तयार होण्यासाठीही तो लागतो. दोन्ही आयनांवर एकच धन विद्युतभार आणि त्यांची रसायने जवळची. त्यामुळे सोडियम वाढला की तो पोटॅशियमच्या जागा अडवतो आणि विकरे थंडावतात. पेशीद्रवातला सोडियम कमी ठेवणे आणि पोटॅशियम टिकवून धरणे, या दोन गोष्टींवर रोपाचा जीव अवलंबून असतो.

इथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. रोप जितके पाणी अंगात ठेवते, त्याच्या सुमारे ५० पट पाणी ते पानांतून हवेत सोडते. मातीच्या पाण्यातले सगळे मीठ पाण्याबरोबर आत आले, तर पानांतले पाणी मातीतल्यापेक्षा ५० पट खारट होईल. पानांतले प्रमाण निदान मातीइतकेच राहावे एवढ्यासाठीसुद्धा रोपाला ९८ टक्के मीठ बाहेर ठेवावे लागते. साध्या गव्हासारखे पीकही हे काम बरेचसे करते. सोशिक जात आणि नाजूक जात यांच्यातला फरक उरलेल्या एक-दोन टक्क्यांचा असतो. पण तो पाना-पानात रोज साठत जातो.

आत येणे सोपे, बाहेर जाणे कठीण

पेशीभोवतीचे पटल दोन बाजूंना वेगवेगळा विद्युतभार राखते. मुळाच्या पेशीत आतली बाजू बाहेरच्या मानाने १२० मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असते. सोडियम धनभारित, म्हणून तो आत ओढला जातो. भौतिकीच्या नियमाने १२० मिलिव्होल्टचा हा फरक सोडियमला बाहेरच्यापेक्षा आत सुमारे शंभरपट जमा होऊ देईल. मातीतल्या पाण्यात सोडियम ४० मिलिमोल असेल, तर पेशीत तो ४००० मिलिमोलपर्यंत चढू शकेल. समुद्राच्या पाण्यात तो ४७० मिलिमोलच्या आसपास असतो, यावरून या ओढीचा अंदाज यावा. प्रत्यक्षात सोशिक वनस्पती पेशीद्रवातला सोडियम काही दशक मिलिमोलच्या वर जाऊ देत नाही. ही तफावत तिने उपसून राखलेली असते.

पटलात आयन आत सोडणारी काही प्रथिने आहेत. कॅल्शियम, पोटॅशियम यांसारखे उपयोगी आयन आत घेण्यासाठी रोपाला ती हवीच असतात. त्यातली काही फारशी निवड करत नाहीत, म्हणून सोडियमही त्यांतून शिरतो. या वाटा बंद करता येत नाहीत. तेव्हा शिरलेला सोडियम बाहेर काढणे हाच उपाय राहतो.

प्राण्यांच्या पेशींत यासाठी एक खास पंप असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो ओळखला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप एटीपी हा ऊर्जावाहक रेणू थेट खर्च करून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. फुले येणाऱ्या वनस्पतींत असा पंप नाही. भात, गहू, ऊस, आंबा, यांपैकी कोणाकडेही तो नाही. त्यांनी सोडियम काढण्याची दुसरीच रीत साधली आहे.

वनस्पतींचा मुख्य पंप हायड्रोजन आयनांचा, म्हणजे प्रोटॉनचा. तो एटीपी खर्चून पेशीतले प्रोटॉन बाहेर टाकतो. त्यामुळे पेशीबाहेरचा भाग आम्लधर्मी होतो, त्याचा सामू साडेपाचच्या आसपास, तर आतला साडेसातच्या आसपास. सामूतला दोन एककांचा फरक म्हणजे बाहेर प्रोटॉन शंभरपट. बाहेर दाटलेले हे प्रोटॉन परत आत यायला पाहतात. पटलात एक प्रथिन असे असते, की एक प्रोटॉन आत घेताना ते एक सोडियम बाहेर काढते. विहिरीवरच्या मोटेत हेच घडत असे. बैल धावेच्या उतारावरून खाली उतरत आणि त्यांच्या उतरण्याने भरलेली मोट वर येई. सोडियम ही ती भरलेली मोट आणि प्रोटॉन हे उतरणारे बैल. बैलांना पुन्हा धावेच्या माथ्यावर आणण्याचे काम एटीपीवर चालणारा पंप करतो. सोडियमच्या प्रत्येक आयनामागे एटीपीचा निदान एक रेणू असा खर्च होतो. तो दिवसरात्र, मुळाच्या लक्षावधी पेशींत चालू असतो.

वाकलेल्या मुळांनी सांगितलेले

सोडियम बाहेर काढणारे हे प्रथिन सापडले ते अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपट्यात. १९९० च्या दशकात अमेरिकेत ज्यान-कांग झू यांच्या प्रयोगशाळेने एक साधी आणि चतुर चाचणी वापरली. जनुकांत बदल घडवलेली असंख्य रोपे आधी साध्या माध्यमावर वाढवायची, मग ती मीठ घातलेल्या बशीत उलटी लावायची. बशी उभी ठेवली की निरोगी मूळ वळून पुन्हा जमिनीच्या दिशेने वाढू लागते. ज्या रोपाची मिठाशी झुंजण्याची यंत्रणा बिघडली आहे, त्याचे मूळ तिथेच थांबते. अशी थांबलेली मुळे शोधून त्या रोपांतले बिघडलेले जनुक ओळखायचे.

१९९६ मध्ये अशा पहिल्या जनुकाची नोंद प्रसिद्ध झाली. या गटाला त्यांनी एसओएस हे नाव दिले आणि पुढे तिन्ही मुख्य जनुकांची साखळी उलगडली. मातीत मीठ वाढले की मुळाच्या पेशीत कॅल्शियमची एक लाट उठते. एसओएस-३ हे प्रथिन तो कॅल्शियम पकडते आणि एसओएस-२ ला जागे करते. एसओएस-२ जाऊन पटलातल्या एसओएस-१ ला फॉस्फेटचा एक गट जोडते. एसओएस-१ म्हणजेच प्रोटॉनच्या बदल्यात सोडियम बाहेर काढणारे प्रथिन. त्याच्या लांब शेपटीचा एक भाग एरवी त्याचेच काम अडवून धरतो. फॉस्फेट जोडला गेला की ती अडवणूक सुटते आणि उपसा सुरू होतो. २०२३ मध्ये भात आणि अरॅबिडॉप्सिस या दोन्हींतल्या एसओएस-१ ची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. दोन एकसारखे घटक जोडीने उभे राहतात आणि त्यांच्यातून आयनांची देवघेव होते, हे तीत स्पष्ट दिसते.

कॅल्शियमची ही लाट उठवतो कोण, हा प्रश्न बरीच वर्षे खुला होता. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला असलेले काही मेदरेणू सोडियमला धरतात आणि त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा उघडतात. म्हणजे मीठ आले आहे याची खबर पटलाच्या पृष्ठभागावरच लागते.

एसओएस-१ सर्वांत जास्त आढळते ते मुळाच्या अगदी टोकाशी आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांभोवतीच्या पेशींत. टोकाशी ते असणे अत्यावश्यक आहे. तिथल्या कोवळ्या पेशी सतत विभागत असतात. त्यांच्यात मीठ साठवायला मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेला कोश, अजून तयार झालेली नसते, म्हणून सोडियम तिथून बाहेर टाकण्यावाचून गत्यंतर नाही. मुळाची वाढ जिथून होते, तेच टोक मिठापुढे सर्वांत उघडे पडते.

बाहेर म्हणजे कुठे?

मुळाच्या सालीतल्या पेशीने सोडियम मातीत टाकला, तर तो रोपापासून दूर झाला. पण तो मुळांशीच राहतो आणि पुन्हा आत शिरायला पाहतो. मुळात शिरलेल्या सोडियमचा मोठा हिस्सा थोड्याच वेळात परत बाहेर टाकला जातो आणि हे चक्र अखंड फिरते. आतल्या पेशींचा प्रश्न आणखी अवघड. पानातल्या पेशीने सोडियम आपल्या बाहेर टाकला, तर तो शेजारच्या पेशीच्या अंगावर जातो. म्हणून वनस्पतीने तीन ठिकाणी तीन वेगळे मार्ग ठेवले आहेत.

पहिला मार्ग मातीत परत, तो आपण पाहिला. दुसरा मार्ग पेशीच्या आतच असलेल्या रिक्तिकेत. पक्व पेशीचा ८० ते ९० टक्के भाग या पाण्याने भरलेल्या कोशाने व्यापलेला असतो. तिथे विकरे जवळपास नसतात, म्हणून सोडियम तिथे निरुपद्रवी ठरतो. एवढेच नव्हे, तर तिथे जमलेला सोडियम पेशीला मातीतले खारट पाणी ओढून घ्यायला मदत करतो. रिक्तिकेच्या पटलावर एनएचएक्स नावाची प्रथिने असतात. तीही प्रोटॉनच्या बदल्यात आयन आत घेतात. १९९९ मध्ये एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या टोरोंटोतील गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये यातले एक जनुक जादा प्रमाणात चालवले. ती रोपे २०० मिलिमोल मिठात, म्हणजे समुद्राच्या सुमारे दोन-पंचमांश खारटपणात वाढली. २००१ मध्ये ब्लुमवाल्ड यांनी टोमॅटोतही तेच केले. रोपांनी पानांत भरपूर सोडियम साठवला, पण फळात तो फारसा उतरला नाही. या बातमीने जगभर आशा वाढली. पुढच्या संशोधनात मात्र एनएचएक्सचे मोठे काम पोटॅशियम आणि पेशीचा सामू सांभाळण्याचे आहे, असे दिसून आले. रोप मिठात तगते ते बऱ्याच अंशी पोटॅशियम शाबूत राहिल्यामुळे, हा त्यातून मिळालेला धडा होय.

रिक्तिकेत मीठ भरल्यावर पेशीद्रवातून पाणी तिकडे जायला पाहते. ते रोखण्यासाठी पेशी प्रोलिनसारखे निरुपद्रवी रेणू तयार करून पेशीद्रवात ठेवते. हे रेणू बनवायलाही अन्न आणि नायट्रोजन लागतो, म्हणजे खर्चात आणखी भर.

तिसरा मार्ग पाण्याच्या वाहिन्यांपाशी आहे आणि भात-गव्हासारख्या पिकांत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे. मुळातून वर जाणाऱ्या पाण्यात सोडियम मिसळला की तो थेट पानात पोचणार. वाहिन्यांभोवतीच्या पेशींत एचकेटी नावाची प्रथिने असतात. ती वर जाणाऱ्या पाण्यातला सोडियम वाटेतच काढून घेतात आणि मुळातच अडवून ठेवतात. पानाच्या देठापाशीही हे काम चालते. भात याखेरीज उरलासुरला सोडियम जुन्या पानांत कोंबतो आणि कोवळी पाने, कणसाजवळचे शेवटचे पान यांना जपतो.

भाताच्या मुळात एक दुबळी जागाही आहे. पाणी पेशींच्या आतून न जाता त्यांच्या मधल्या फटींतून सरळ वाहिन्यांकडे गेले, तर त्यातल्या सोडियमला कोणतेच पटल अडवत नाही. भातात ही गळती इतर अनेक पिकांपेक्षा जास्त असते. सिलिका मिळाली की ती कमी होते, हे इंग्लंडमधल्या यिओ आणि फ्लॉवर्स यांच्या गटाने दाखवले. भाताच्या पेंढ्यात आणि तुसात सिलिका भरपूर असते. तो पेंढा शेतातच कुजू देण्यामागे आणखी एक चांगले कारण यातून मिळते.

खाडीकाठच्या बियाण्यातले जनुक

वाहिन्यांपाशी सोडियम अडवणाऱ्या जनुकाचा भातातला शोध भारतीय बियाण्यातूनच लागला. पश्चिम बंगालच्या किनारी भागातली नोना बोकरा ही जुनी सोशिक जात आणि जपानची नाजूक, चवदार कोशिहिकारी यांचा संकर शांघायच्या शास्त्रज्ञांनी केला. त्या संततीचा माग काढत ते पहिल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापाशी पोचले. २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे एचकेटी गटातलेच जनुक निघाले. नोना बोकराच्या प्रथिनात फक्त चार ठिकाणची अमिनो आम्ले वेगळी आहेत, पण त्यामुळे ते सोडियम अधिक जोमाने परत खेचते आणि खोडापानांत पोटॅशियम टिकून राहतो.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत केरळच्या पोक्काळी भातावर काम झाले. तिथेही बोट पहिल्या गुणसूत्राकडेच वळले. त्या भागाला साल्टॉल हे नाव पडले. पोक्काळीच्या संकरातून निघालेला एफएल ४७८ हा वाण आज जगभर दाता म्हणून वापरला जातो आणि साल्टॉल पुसा बासमती ११२१ मध्येही उतरवला गेला आहे. पोक्काळी मात्र एका जनुकावर उभी नाही. ती उंच आणि झपाट्याने वाढते, म्हणून तिच्या वाढत्या अंगात मीठ पातळ होत जाते. एर्नाकुलम, आलप्पुळा आणि त्रिशूर जिल्ह्यांत पावसाळ्यात ती पिकते आणि नंतर त्याच शेतांत कोळंबी वाढवतात.

कोकणातही असा ठेवा आहे. काळा राता आणि भुरा राता या इथल्या जुन्या लाल भातांतून निवडलेले काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण मिठाला तोंड देणारे म्हणून भात-पैदासकारांना परिचित आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ हे वाण खारजमिनीसाठी दिले. राजस्थानातल्या पाली भागातल्या खारट मातीत टिकलेल्या गव्हातून खारचिया ६५ पुढे आला आणि तो कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेच्या गहू सुधारणेचा पाया ठरला. ही संस्था १९६९ पासून या प्रश्नावर काम करते.

परदेशातही जनुक सापडले ते जुन्या धान्यातच. ऑस्ट्रेलियात राणा मन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदाणी गव्हातले एचकेटी जनुक नेहमीच्या संकराने ड्युरम गव्हात आणले. २०१२ मध्ये त्यांनी शेतातले निष्कर्ष मांडले. खारट जमिनीत हे जनुक असलेल्या गव्हाने ते नसलेल्या गव्हापेक्षा २५ टक्के जास्त उत्पादन दिले.

या सगळ्या जनुकांचा उगम आपण पाहिला, तर एक गोष्ट मनाला भिडते. प्रयोगशाळेने ही जनुके ओळखली, पण ती टिकवली खाडीकाठच्या आणि वाळवंटाकडेच्या शेतकऱ्यांनी. बाजारात भाव नाही म्हणून एखाद्या गावाने जुना राता पेरणे सोडले, तर त्याबरोबर सोडियम रोखण्याची शतकांची निवड नाहीशी होते. हे बियाणे पेरते ठेवणाऱ्यांना भाव आणि मान दोन्ही मिळायला हवेत.

तिवर आणि कांदळ

बांधाच्या बाहेर, खुद्द खाडीत उभ्या असलेल्या झाडांकडे पाहिले, तर हाच उपसा मोठ्या प्रमाणावर दिसतो. कांदळाची मुळे समुद्राच्या पाण्यातले मीठ जवळजवळ पूर्ण बाहेर ठेवून पाणी ओढतात. तिवर आणखी एक पाऊल पुढे जातो. मुळांनी बहुतेक मीठ अडवूनही जे वर येते, ते तो पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हात तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसतात आणि पान जिभेला लावले तर खारट लागते. सुंदरबनात उगवणारा भाताचा एक जंगली नातेवाईकही पानांवरच्या बारीक केसांतून मीठ टाकतो. या झाडांची वाढ सावकाश होते. उपशावर ऊर्जा गेली की लाकूड, पाने आणि बिया यांच्या वाट्याला कमी येते. पिकाला सोशिक बनवतानाही हा हिशेब सुटत नाही. त्याला प्रत्येक एटीपीचे वाटप सोडियम आणि दाणा यांत करावे लागते.

पंपाला हवा लागते

आता पुन्हा शेताकडे येऊ. मुळाच्या पेशीला एटीपी मिळते ते श्वसनातून, आणि त्यासाठी मातीतल्या पोकळ्यांत प्राणवायू लागतो. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून तीसच्या आसपास एटीपी मिळतात. नसेल तर फक्त दोन. माती पाण्याने गच्च भरली की प्राणवायू संपतो आणि प्रोटॉनचा पंप मंदावतो. मग एसओएस-१ शाबूत असूनही सोडियम बाहेर काढायला जोर राहत नाही आणि तो पानांकडे चढू लागतो. पाणथळपणा आणि मीठ एकत्र आले की नुकसान दोघांच्या बेरजेहून मोठे होते, ते यामुळे. भाताच्या मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून तो चिखलातही उपसा चालू ठेवतो. उसाला, गव्हाला, सोयाबीनला ते इतके जमत नाही.

सांगली, कोल्हापूर, सातारा भागात कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या खोऱ्यांतल्या खोल काळ्या मातीत नेमके हेच झाले. उसाला पाटाने भरपूर पाणी दिले, माती ते सोडेना, जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली आणि तिच्याबरोबर क्षारही. पाणथळ आणि क्षारपड अशा दोन्ही रोगांनी जमीन गेली, आणि तीही १.७ एवढीच मर्यादा असलेल्या पिकाखाली. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याची पद्धत इथे उपयोगी पडली आहे. या पाइपांनी क्षार धुऊन जातात हे सर्वांना माहीत आहे. त्यांनी मुळाला हवा मिळते आणि त्याचा पंप पुन्हा चालू लागतो, हेही तितकेच खरे आहे. ठिबकने नेमके पाणी देणे हाही त्याच उपायाचा भाग.

चोपण जमिनीचा प्रश्न याहून किचकट. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. पाऊस पडला की माती विस्कटून तिच्या फटी बुजतात आणि पाणी व हवा दोन्ही अडतात. सामूही साडेआठच्या वर जातो. मुळाभोवती इतका अल्कधर्मी थर असेल, तर बाहेर प्रोटॉनचा साठा टिकत नाही आणि ज्या उतारावर सोडियमचा उपसा चालतो तो उतारच सपाट होतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे, म्हणून विहिरीचे पाणी देऊनही चोपणपणा वाढतो. इथे जिप्सम कामाला येते. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवतो, मग पाणी त्याला धुऊन नेते. कॅल्शियम मुळालाही थेट मदत करतो. कॅल्शियम पुरेसा असला की घेवड्याचे रोप मिठात अधिक टिकते, हे लाहे आणि एपस्टाइन यांनी १९६९ मध्येच दाखवले होते. पेशीत सोडियम शिरण्याच्या वाटा कॅल्शियम अरुंद करतो आणि एसओएसची साखळी जागी होते तीही त्याच्याच लाटेने.

म्हणून मिठावरचा उपाय एकट्या बियाण्यात शोधणे अपुरे आहे. चांगल्या जनुकाने उपशाचे यंत्र बळकट होते, पण ते चालवण्याची ऊर्जा मुळाला हवेशीर मातीतूनच मिळते. खारेपाटात बांध वेळेवर दुरुस्त झाले, उघाड्या नीट राहिल्या आणि गोड्या पाण्याने मीठ धुण्याची सोय झाली, तर पनवेलचा वाण आपले गुण दाखवू शकतो. ते न करता केवळ नवे बियाणे वाटले, तर एखादे वर्ष निभावेल. समुद्राची पातळी वाढते आहे, उधाणे बांधांवर अधिक जोराने येऊन आदळतील, तेव्हा ही कामे पुढे ढकलायला आता सवड नाही. ग्रामपंचायतीने, पाणीवापर संस्थेने आणि सरकारने निचऱ्यावर केलेला खर्च हा पिकाच्या मुळात होणाऱ्या उपशाचाच खर्च आहे. तो आपण उचलला, तर रोपाची ऊर्जा दाण्यासाठी मोकळी होते.